पांढरी तीन

जयाला पेटीवर एकच सा यायचा. पांढरी एक. त्या पट्टीवर बोट ठेवलं की पुढच्या पांढऱ्या पट्ट्या जिन्यासारख्या सरळ चढत जातात, एकाही काळीला हात लावावा लागत नाही. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या देवळातल्या महिला भजनी मंडळात ती पेटी वाजवायची ती एवढ्याच भांडवलावर. बायकांचे आवाज खरं म्हणजे त्याहून चढे. पांढरी एकला त्यांना पार घशात उतरून गावं लागे. पण मंडळात पेटीवाली दुसरी कोणी नव्हती, म्हणून चालायचं.

मंडळाच्या विमलताई, वयानं आणि मानानं मोठ्या, मुख्य गळा त्यांचाच. त्या म्हणायच्या, “जया वं, तुह्या पेटीपायी आम्ही साऱ्या जणी माणसाच्या आवाजात गाऊन राह्यलो. चिंतामणीले वाटत असन, पुरुषमंडळच येऊन बसलं.”

साऱ्या हसायच्या. जयाही हसायची. घरी येऊन पेटी खाली ठेवताना मात्र तिला ते हसू आठवायचं.

पेटी सासऱ्यांची, रामरावांची. ते गेल्यावर ती माळ्यावर तुरीच्या पोत्याशेजारी पडून होती. पोरीचं लग्न होऊन घर रिकामं झालं तेव्हा जयानं ती खाली काढली, पुसली, भात्याला चिकटपट्टी लावली आणि दुपारी दार लोटून वाजवायला बसली. दार लोटून, कारण या वयात बाई सारेगम घोकते हे गल्लीला कशाला कळवायचं? देवपूजा झाली की ओल्या गंधाचं बोट ती पांढरी एकवर टेकवायची. एक म्हणजे पेटीलाही टिळा, आणि दुसरं म्हणजे सा कुठं आहे ते विसरायला नको.

एक दिवस तिचं बोट घसरलं. गंधाचा ठिपका पांढरी दोनवर पडला. पुसायचा कंटाळा केला आणि गंमत म्हणून तिथूनच सा धरून ती पांढऱ्या पट्ट्या चढत गेली. पट्ट्या त्याच, बोटं तीच. पण निघालं ते ओळखीचं नव्हतं. होळीच्या गाण्यासारखं काहीतरी, खेळकर आणि आतून जरा उदास. ती थांबली. मग ठिपका तिसऱ्या पट्टीवर नेला. तिथून चढली तर अंगावर काटाच आला, कारण हे सूर तिनं मंडळात दर वेळी ऐकले होते. विमलताई शेवटी भैरवी म्हणतात, ती हीच! आजवर त्या भैरवीला जया नुसता सा धरून बसायची, कारण बाकीचे कोमल सूर कुठं असतात ते तिला ठाऊक नव्हतं. ते तर हिच्याच पांढऱ्या पट्ट्यांत दडलेले. जागा बदलली, एवढंच.

मोबाइलवर एक मास्तर पेटी शिकवायचे. त्यांच्याकडून तिला नावं कळली: दुसरीवर काफी, चौथीवर कल्याण, पाचवीवर खमाज. बरेच दिवस ती एवढ्याच नादात होती. भाजी करपायची. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे तिचे यजमान, शामराव, त्यांना तिनं एकदा जेवताना सगळं समजावून सांगितलं.

“म्हणजे अर्थिंग दुसरीकडं दिलं का मोटरीचा आवाजच बदलते, असं म्हण न,” ते म्हणाले.

“तुमाले काही सांगण्यात अर्थ नाही.”

“अर्थ हाय. वांग्यात मीठ नाही.”

सुखीबाई त्याच दिवसांतली. जवळच्या तांड्यावरची ही बंजारा बाई टोपलीत वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन दाराशी यायची. नवरा रामधन शेत पाहायचा, ही भाजी विकायची. एकदा जया तिसऱ्या पट्टीवर बसली होती आणि बाहेरून आवाज आला, “वहिनी, हे तं आमचं व्हय.”

जयानं दार उघडलं. सुखीबाई टोपली उतरवून उंबऱ्याशी बसली आणि गुणगुणायला लागली. गाणं बंजाऱ्यांच्या गोर बोलीतलं होतं. मालाच्या गोण्या लादून बैलांचा तांडा चालला आहे, वाटेत पाणी नाही, देवा, माझ्यासाठी नको पण बैलांसाठी एक झरा दाखव. तिच्या सासूचं गाणं. तिनं मराठीत अर्थ सांगितला आणि मग हळूच दुसरी गोष्ट सांगितली. तिची नात बोलतच नव्हती. चार वर्षांची झाली तरी नाही. यवतमाळला नेलं, नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कानात दोष नाही, वाट पाहा. मग एका दुपारी पोरगी शेळीच्या पिलाला थापटताना हेच गाणं गुणगुणली आणि तिथून बोलायला लागली.

“चिंतामणीले बोलली व्हती मी,” सुखीबाई म्हणाली. “पोरीले वाचा दे, तुह्या दारात हे गाणं म्हणीन. असंतसं नाही, मंडळात बसून, पेटीवर. पण आमाले कोन बसवते मंडळात?”

“मी बसवते,” जया म्हणाली. त्या क्षणी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला. “येत्या संकष्टीले या. मी पेटीवर धरते.”

विमलताईंना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर सारला. “म्हणू दे न. देवाच्या दारात कोणाले ना आहे? भैरवीच्या आधी एक म्हणू दे तिले.”

कबूल तर केलं, पण पुढं पंचाईत झाली. सुखीबाईचं गाणं जयाच्या हाती लागेना. जयाच्या लेखी ते तिसऱ्या पट्टीचंच होतं, सूर जुळत होते. पण सुखीबाई सुरुवात करायची मध्येच कुठून तरी, विसावायची भलतीकडं, आणि जयाला दर वेळी सा चाचपत बसावं लागे. “तुमी वाजवा वं, मी येते बरोबर,” सुखीबाई म्हणायची. जया हो म्हणायची. आणि पुन्हा पट्ट्या चाचपायची.

संकष्टी आली. ज्यांनी कळंबचा चिंतामणी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, तिथं देवाकडं चढून नाही, पायऱ्या उतरून जावं लागतं. मंडळ वर मंडपात बसलं होतं. साऱ्यांचा उपास, चंद्र निघेपर्यंत तोंडात पाणीच तेवढं. त्यामुळं संकष्टीच्या भजनाचा एक अलिखित नियम होता: चंद्र निघायच्या आत भैरवी आणि भैरवी झाली की उठायचं. भैरवीनंतर कोणी गात नाही. ते कुठल्याच भजनात चालत नाही, आणि उपाशी पोटी तर नाहीच नाही.

सुखीबाई आली ती नवी ओढणी घेऊन, हातात चांदीची कडी, सोबत नात. खांबाशी टेकून बसली. प्रत्येक भजनाला टाळी देत होती आणि मधूनच जयाकडं बघून मान हलवत होती, माझं कधी? जया डोळ्यांनीच सांगत होती, आता.

गजर संपला. विमलताई पाणी प्यायल्या. आता सुखीबाईला बोलवायचं. त्याआधी एकदा तिचा सूर सापडतो का बघावा म्हणून जयानं गंधाचा ठिपका पुसून तिसऱ्या पट्टीवर लावला आणि भाता अगदी हळू ओढला. सा. वरचा कोमल रे. परत सा. गाण्याची पहिली ओळ शोधत तिची बोटं खाली उतरली.

विमलताईंनी डोळे मिटले होते. ते सूर कानावर पडताच त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की जया ते जन्मात विसरणार नाही. इतकी वर्षं त्या बाईनं नुसत्या एका सुरावर भैरवी म्हटली होती, तीही घशात उतरून. आज पहिल्यांदा पेटीनं त्यांच्यासाठी वाट अंथरली होती, त्यांच्या आवाजाच्या उंचीवर. त्यांनी हात जोडले आणि भैरवी उचलली.

टाळ लागले. ढोलकी लागली. जयानं भाता थांबवला असता तर थांबला असता. एवढंच म्हणायचं होतं, ताई, थांबा, ही सुखीबाईसाठी होती. पण बोटं पुढं चालली होती आणि एकही सूर चुकत नव्हता. पट्टी दाबावी आणि बायकांच्या गळ्यातून तोच सूर निघावा, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. कडव्यामागून कडवं. तिनं खांबाकडं पाहिलं नाही.

भैरवी संपली. विमलताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जया, आज सोनं केलंस बाई. असं वाटलं, आत्ता गायले शिकली मी.”

पदर सावरत साऱ्या उठायला लागल्या. खांबाशी सुखीबाई उभी राहिली. “वहिनी, माह्यं?”

टाळ वाजवणारी उज्ज्वला चपला शोधत होती, तीच बोलली, “अवं मावशी, भैरवी झाली न! आता काही म्हणत नाही. पुढच्या चतुर्थीले येजा.”

सुखीबाई जयाकडं पाहत होती. नातीनं तिचा हात ओढला आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात विचारलं, “आजी, तू कवा म्हनशीन?”

जया पेटीवर कापड घालत होती. कापडाचं एक टोक दुमडत नव्हतं, ती ते नीट करत बसली. आणि तसंच खाली बघत म्हणाली, “हो न बाप्पा. आता काय करता.”

त्या रात्री चंद्र बघून तिनं अर्घ्य दिलं, शामरावांना वाढलं, स्वतःचं पान मांडलं. मोदक फोडला आणि तसाच ठेवला.

“वरच्या आळीतला एक जण सांगून राह्यला व्हता,” शामराव म्हणाले, “तुमच्या घरच्यांनी आज लय भारी वाजवलं म्हणे.”

“जेवा तुम्ही,” जया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाजीची टोपली आली नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीत आवाज आला, “वांगे घ्या, सांबार,” आणि तो जयाचं दार वगळून पुढं गेला. जया खिडकीआड उभी राहून ऐकत होती. तिला हाक मारता आली असती. ती देवघरात जाऊन बसली आणि तिथंही तिला बसवेना, कारण समोर चिंतामणीचीच तसबीर.

पेटी तिनं उघडली नाही. उघडणार कुठल्या तोंडानं? आपण मुद्दाम केलं का, हे तिनं स्वतःला किती तरी वेळा विचारलं. मुद्दाम नव्हतं. भैरवी सुरू झाली ती चुकून. पण चालू राहिली ती? सुखीबाईचा सा चारचौघांत सापडला नाही तर आपली फजिती होईल ही भीती तर होतीच. भैरवी लागली तेव्हा आत कुठं तरी हायसं वाटलं होतं. हे तिनं कबूल केलं ते देवापाशीसुद्धा नाही, भांडी घासताना.

वर उज्ज्वला भेटली बाजारात. हसत हसत म्हणाली, “बरी युक्ती केली वं तू! त्या तांड्यावालीचं गाणं लागलं असतं तं चंद्र निघून डोक्यावर आला असता. उपाशी मेलो असतो साऱ्या.”

“तसं नव्हतं,” असं म्हणायला जयानं तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. उज्ज्वलाच्या हसण्याला जोडीचं हसू. पुढं पिशवीतले बटाटे तिला जड व्हायला लागले.

कापसाची वेचणी जोरात होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती ऑटोत बसून तांड्यावर गेली. सुखीबाई नुकतीच शेतातून आली होती, ओढणीला कापसाचे तुकडे चिकटलेले. “या,” म्हणाली. खाट टाकली, पाणी दिलं, चूल पेटवून चहा ठेवला. जयाच्या कपात साखर घातली. स्वतःच्या कपात नाही.

“तुमाले शुगर हाय काय?” जयानं विचारलं.

“नाही वं. नवस फिटेपर्यंत गोड सोडलं. पोरगी बोलली तवापासून.”

जयाचा चहा गोड होता. तिनं तो कसाबसा संपवला. टाकणं म्हणजे आणखी अपमान.

“सुखीबाई, मी मुद्दाम नाही केलं. मी तुमचाच सा धुंडत व्हती. विमलताईंले वाटलं, मी भैरवीच धरली.”

“मालूम हाय मले,” सुखीबाई चुलीत काडी सारत म्हणाली. “माह्या गाण्याची चाल हाय, मले नाही वळखू येणार? मी तं बसल्या जागी तोंड उघडलंच व्हतं. त्यांनी पहिले उचललं. त्याचा राग नाही, वहिनी. त्या काय, देवाचंच म्हणून राह्यल्या व्हत्या.”

“मंग?”

“तुमी कापड घडी करत म्हणलं न, आता काय करता. त्याचा हाय.”

बाहेर नात शेळीशी बडबडत होती, थांबतच नव्हती.

“येत्या संकष्टीले या,” जया शेवटी म्हणाली.

“पाहीन. वेचणी सुरू हाय.” सुखीबाई उठली. निघताना तिनं मूठभर सांबार जयाच्या पिशवीत टाकला, आणि पैसे घेतले. दारावर यायची तेव्हा सांबार फुकट असायचा.

परतताना जयाच्या लक्षात एक गोष्ट आली. सुखीबाईचं गाणं भैरवीच्याच सुरांचं. म्हणजे विमलताईंनी ठरवलं होतं तसं ते भैरवीच्या आधी म्हणताच आलं नसतं. पहिल्या ओळीलाच बायकांनी चपला शोधल्या असत्या. त्या गाण्याला मंडळात जागा एकच, शेवटची. आणि शेवटची जागा विमलताईंची. तिथं आजवर कोणी हात लावला नव्हता.

विमलताईंना आधी घरी जाऊन सांगावं म्हणून ती दोनदा निघाली. एकदा त्यांच्या फाटकापर्यंत पोचली. ताई अंगणात सूनबाईला सांगत होत्या, “या वयात आता कुठं भैरवी म्हणायले मजा येऊन राह्यली. जयाचा हात काय बसला!” जया फाटकावरूनच परतली.

मग संकष्टी आलीच. भजन रंगलं, पण जयाच्या कानात काही शिरत नव्हतं. पांढरी एकवर बायका खर्जात गात होत्या आणि ती खांबाकडं बघत होती. खांबाशी कोणी नव्हतं. पाण्याची वेळ झाली तेव्हा पायऱ्यांच्या बाजूला टोपली टेकल्याचा आवाज आला. सुखीबाई होती. रोजची ओढणी, हातात कडी नाहीत, नात मागं. बसली नाही, कठड्याला टेकून उभी राहिली.

विमलताई डोळे मिटून म्हणाल्या, “हं. धर जया, त्या दिवशीसारखी.”

जयानं ठिपका तिसऱ्या पट्टीवर लावला. भाता ओढला नाही.

“ताई.”

“काय वं? पावणेनऊचा चंद्र आहे.”

“त्या दिवशी मी भैरवी धरलीच नव्हती.”

विमलताईंनी डोळे उघडले.

“सुखीबाईंचा सूर धुंडत व्हती मी. त्यांची पाळी व्हती. तुमी उचललं अन् मी... मी तशीच वाजवत राह्यली. मंग त्यांनी विचारलं तं मी त्यांले वाटेले लावलं.”

टाळ कुणाचा तरी खणकला. उज्ज्वला पुटपुटली, “घ्या आता.”

“अन् महिनाभर तोंड काहून नाही उघडलं?” विमलताईंचा आवाज बारीक झाला होता.

“तुमी सोनं केलं म्हणाल्या, म्हणून.”

एवढ्या बायकांसमोर हे म्हणताना जयाचं तोंड, कान, मान सगळं पेटलं. विमलताईंच्या चेहऱ्याकडं तिनं पाहिलं आणि तिला कळलं की लाज एकटीची राहिली नाही. त्या बाईला महिनाभर जो आनंद झाला होता तोही आता उष्टा झाला.

विमलताई चष्मा सारखा करत म्हणाल्या, “बरं. मंग आता म्हणू दे तिले. मंग मी भैरवी घेते.”

“त्यांचं गाणंच भैरवी आहे, ताई. त्यानंतर काही म्हणता येणार नाही.”

“म्हणजे माही जागा तिले द्यावाची?”

कठड्यापाशी सुखीबाई टोपली उचलायला वाकली. “राहू द्या वं, बाई. माह्यं काय, मी खाली देवापाशी एकटीच म्हणीन. पेटी नाही तं नाही.”

“थांब,” विमलताई म्हणाल्या. त्या जरा बाजूला सरकल्या, गुडघ्याला हात लावत, कष्टानं, आणि पेटीसमोरची सतरंजी तळव्यानं सारखी केली. “बस इथं. नवसाले पेटी म्हणलं न तू? मंग पेटी पाहिजे.” जयाकडं न बघता पुढं म्हणाल्या, “तू धर. नीट धर.”

सुखीबाई बसली. नात मांडीवर. जयानं तिसरी पट्टी दाबली. सुखीबाईनं ऐकलं, मान हलवली आणि गाणं उचललं ते तिथून नाहीच. कुठल्या कुठं वर, तिच्या स्वतःच्या आवाजात, शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक जावी तसं. जयाची बोटं गांगरली. पांढऱ्यांत तो सा नव्हता. काळ्यांत होता, आणि काळ्यांवर ती कधी गेलीच नव्हती. एक पट्टी दाबली, चुकली. दुसरी, चुकली. साऱ्यांना ऐकू गेलं. तिसऱ्या खेपेला एक काळी पट्टी सुखीबाईच्या आवाजाला जाऊन चिकटली. जयानं ती धरली. बाकी कुठंही हलली नाही. एक बोट, एक पट्टी आणि भाता. जशी आजवर विमलताईंच्या भैरवीला बसायची, तशीच.

बैलांसाठी पाणी मागून झालं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण धृपदाला दोन-तीन बायका मागून यायला लागल्या आणि खर्जात उतरावं लागत नाही म्हणून त्यांचे आवाज मोकळे निघाले. विमलताई गात नव्हत्या. त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता.

गाणं संपलं, साऱ्या उठल्या, चंद्राची घाई होतीच. प्रसादाचं ताट फिरलं. विमलताई जयाला काही न बोलता गेल्या. सुखीबाईनं पेढा घेतला, नातीला अर्धा दिला आणि उरलेला अर्धा तिथंच, देवाकडं तोंड करून, डोळे मिटून खाल्ला. बराच वेळ चघळत होती.

मग टोपली डोक्यावर घेताना ती जयापाशी थांबली.

“एकच पट्टी दाबून बसल्या तुमी, वहिनी.”

“हो.”

“चुकल्या बी दोनदा.”

“हो.”

“सांबार राह्यला थोडा. उद्या आणू काय?”

जयानं मान डोलावली. बोलायला गेली असती तर रडूच आलं असतं, आणि रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला समजत होतं. ती पेटीवर कापड घालायला लागली. कापडाचं टोक तसंच लोंबकळत राहिलं. तिनं ते राहू दिलं.